धुकटीच्या घाटातला रांजण

एका गावात एक कासार होता. घर गावात, पण पाय कायम वाटेवर. नाव त्याचं सखाहरी. पाठीवर बांगड्यांचं गाठोडं टाकून तो दहा गावं फिरायचा, आणि परत आला की पारावर बसून प्रवासातल्या गमती सांगायचा. लोक कामं टाकून ऐकायचे. सांगणाऱ्याचं तोंड गोड होतं आणि ऐकणाऱ्यांना बाहेरचं जग ठाऊक नव्हतं. दोघांचंही बरं चाललं होतं.

त्याच्या गोष्टी मात्र एकाच वळणाच्या असत. अमक्या देवळात प्रसादाच्या पंगतीला आपण कसे आधी बसलो. तमक्या धर्मशाळेत कोपऱ्यातली उबदार जागा आपल्याला कशी मिळाली आणि बाकीचे दारात कसे कुडकुडत बसले. गोष्ट संपली की तो तंबाखू मळायचा, चुन्याचं बोट जवळच्या भिंतीला पुसायचा आणि म्हणायचा, "वाट आपल्या पुढं असते. मागचं मागच्यानं बघावं." लोक हसायचे. त्यात हसण्यासारखं काय होतं, हे त्यांनाच ठाऊक.

ते चुन्याचं बोट सखाहरीची खूणच होती. जिथं जिथं तो टेकला असेल, तिथं भिंतीवर एक पांढरा फराटा असायचा. देऊळ असो, चावडी असो, कुणाचं नुकतंच सारवलेलं घर असो.

धुकटीच्या घाटापलीकडे त्याची धाकटी बहीण अनसा राहायची. नवरा गेलेला, पदरी एकच मुलगी, तुळसा. तुळसाचं लग्न ठरलं. मुहूर्त गोरजाचा, म्हणजे सूर्य मावळताना गुरं घरी परततात त्या वेळेचा. नवरीला गौरीहरापासून उठवून बोहल्यावर आणायचं काम मामाचं, आणि तुळसाला मामा एकच. शिवाय मामा कासार, म्हणून तिनं हट्टच धरला होता की हिरवा चुडा भरीन तर मामाच्याच हातून. बाकीच्या पोरींनी आदल्या दिवशी बांगड्या भरल्या. तुळसाचे हात रिकामे राहिले.

अनसानं निरोप धाडला होता. "दादा, पोरीच्या बारशाला तू पोचला नाहीस. हिचे वडील गेले तेव्हाही तू वाटेतच होतास. मी कधी बोलले नाही. पण आज तू चुकलास, तर मला माहेर नाही असं मी समजेन."

निरोप ऐकून सखाहरी गंभीर झाला, आणि त्यानं मनाशी ठरवलं की चार दिवस आधीच जायचं. पण एका गावात जत्रा लागली, दुसऱ्या गावात पाटलिणीनं थांबवून घेतलं, आणि होता होता लग्नाचाच दिवस उजाडला. तेव्हा कुठे तो पहाटे उठून घाटाच्या पायथ्याशी आला. अजून दिवस हातात आहे, चढ चढला की पलीकडे उतार, मांडवात मी दुपारीच हजर, असं तो मनाशी म्हणाला. मनाशी म्हणायला काय लागतं?

पायथ्याशी ठकूबाई नावाची एक धनगरीण शेरडं राखत बसली होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग वर घाटाकडे पाहिलं. घाट दिसतच नव्हता. पांढरं धुकं पार खालपर्यंत उतरलं होतं.

"वर विसाव्यात बसशील ना?" तिनं विचारलं.

"बसंन की. दम खायला नको?"

"मग ऐक. थितं रांजण हाय. प्यायचं तेवढं पी. पर निघताना झऱ्यावरनं पानी आनून त्यो भरायचा. लाकडं जाळलीस तर लाकडं ठिवायची. आन मागं तोंड करून हाक द्यायची, 'भरलंय रं, या.' ह्या घाटात धुक्याबिगर दिस न्हाई. मागचा येतोय त्यो पुढच्याच्या हाकंवर येतोय."

सखाहरी हसला. "आज लगीनतिथ हाय, म्हातारे. समदे मांडवात बसल्यात. माझ्या मागं कोन येतंय?"

ठकूबाई हसली नाही. "मागं कोनी न्हाई, आसं ह्या घाटात कदी झालं न्हाई," ती म्हणाली आणि शेरडं वळवून निघून गेली.

सखाहरी चढू लागला. थोड्याच वेळात धुक्यानं त्याला वेढलं. आधी झाडं गेली, मग कडेचे दगड गेले, मग स्वतःच्या पायाखालची वाटही नीट दिसेना. पाखरू बोलत नव्हतं. पाठीवरच्या बांगड्या किणकिणत होत्या, तेवढाच आवाज. एकटेपणा वाटू नये म्हणून तो एक जुनी ओवी गुणगुणू लागला. ती त्याच्या आईची ओवी होती, दळताना ती म्हणायची.

मध्येच वाटेला दोन फाटे फुटले. कुठं जावं कळेना. डावीकडे एक पाऊल टाकलं तर दगड निसटला आणि खाली जात राहिला. तो कुठं पोचल्याचा आवाजच आला नाही. सखाहरीच्या अंगावर काटा आला आणि तो जागीच उभा राहिला.

तेवढ्यात वरून, उजवीकडून, हाक आली. "भरलंय रेऽऽ, या!"

आवाज घोगरा होता, ओरडून ओरडून घसा बसल्यासारखा. पण माणसाचा होता. सखाहरीला हायसं वाटलं. तो आवाजाच्या रोखानं चढत गेला आणि धुक्यातून एकदम विसावा पुढे आला. तीन बाजूंनी दगडी भिंती, वर शिळांचं छप्पर, आत एक मोठा रांजण. चूल पेटलेली. बाजूला लाकडांची मोळी. रांजण काठोकाठ भरलेला, इतका की पाणी अजून हलत होतं.

पण माणूस कुठेच नव्हता.

"कोण हाय रं?" सखाहरीनं विचारलं. जमिनीवर ओली पावलं उमटली होती, ताजी. रांजणापासून निघून पलीकडच्या उतारावर गेलेली. सखाहरीनं गंमत म्हणून एका ठशात आपलं पाऊल ठेवलं. ते बरोबर बसलं. 'असतात एकेकाची पावलं सारखी,' असं म्हणून त्यानं गाठोडं खाली ठेवलं.

पाणी गार आणि गोड होतं. तो पोटभर प्यायला. मग चिखलानं भरलेले पाय त्याच पाण्यानं धुतले. भिजलेला फेटा वाळवायला लाकडं चुलीत सारली, एक, दोन, करता करता सगळी. मोळी संपली तेव्हा कुठे फेटा वाळला. मग तंबाखू मळली आणि चुन्याचं बोट भिंतीला पुसलं. भिंत तेवढ्याच जागी ओली होती, जणू कुणी नुकतीच धुतली असावी. त्यामुळे फराटा जरा पसरला.

निघताना त्यानं रांजणात पाहिलं. तळाशी गाळ होता. झऱ्याकडे जाणारी पायवाट खाली उतरत होती, निसरडी आणि अरुंद. रिकामी घागर तिथंच पालथी ठेवलेली होती. सखाहरी क्षणभर थांबला. खरं सांगायचं तर तो थांबला, एवढं त्याच्या बाजूनं म्हणता येईल. पण मग त्याला मुहूर्त आठवला. माणसाला कामाच्या वेळी आठवत नाही आणि काम टाळायच्या वेळी नेमका आठवतो तो मुहूर्त. "पोरीचं लगीन हाय," तो स्वतःशी मोठ्यानं म्हणाला, "मागचं मागच्यानं बघावं." आणि हाक न देताच पलीकडे उतरू लागला.

तो चालत राहिला. वाट उतरत होती, म्हणजे बरोबरच होती. धुकं मात्र जास्तच दाट झालं. बऱ्याच वेळानं समोर काहीतरी काळं दिसलं. जवळ गेला तर दगडी भिंती, शिळांचं छप्पर.

'या बाजूलाही विसावा बांधलाय वाटतं,' तो म्हणाला. आत गेला. चूल विझलेली. रांजण रिकामा, तळाशी गाळ. लाकडाची एक काडी नाही. घशाला कोरड पडली होती, म्हणून त्याला राग आला. "कोण हलकट बसून गेला इथं," तो पुटपुटला, "मागच्याचा काही विचार?"

तेव्हा त्याची नजर भिंतीवर गेली. चुन्याचा फराटा होता. जरा पसरलेला, अजून ओला.

सखाहरीनं हळूच आपलं बोट त्यावर ठेवलं. मग तो बाहेर पळाला.

या वेळी त्यानं डोळे वाटेवर खिळवून ठेवले. उतार, फक्त उतार. वळायचं नाही, फाटा घ्यायचा नाही. थोडं अंतर गेला असेल, तोच पुढून बांगड्यांची किणकिण ऐकू आली. आधी वाटलं आपल्याच पाठीवरची. तो थांबला. त्याच्या बांगड्या थांबल्या. पुढच्या वाजत राहिल्या.

"कोण हाय पुढं?" त्यानं हाक मारली. "गड्या, थांब जरा. वाट चुकलोय. घोटभर पानी असंल तर दे."

धुकं किंचित विरळ झालं आणि त्याला एक पाठ दिसली. पाठीवर गाठोडं होतं. डोक्याला फेटा, एक सोगा कानावर सोडलेला. सखाहरी तसाच बांधायचा. त्याच्या घराण्यात दुसरं कुणी तसा बांधत नव्हतं.

"अरे, माणूस हायेस ना? मागं बघ तरी!"

तो माणूस थांबला नाही, त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही. चालता चालता म्हणाला, "वाट आपल्या पुढं असते. मागचं मागच्यानं बघावं."

शब्द सखाहरीचे होते आणि आवाजही सखाहरीचाच होता. पारावर इतकी वर्षं तो हे वाक्य बोलत आला, पण मागे उभं राहून ते कधी ऐकलं नव्हतं. मागून ते फार वाईट ऐकू येत होतं. पाठ धुक्यात शिरली, किणकिण बंद झाली, आणि सखाहरी दोन पावलं पुढे सरकला तो पुन्हा विसाव्याच्या दारात उभा होता. रांजण रिकामा. चूल थंड. भिंतीवर फराटा.

तो मटकन खाली बसला. जीभ टाळूला चिकटली होती. किती वेळ गेला कळायला मार्ग नव्हता. त्या धुक्यात सकाळ आणि दुपार एकाच रंगाची होती. आणि तेवढ्यात, खूप खालून, पलीकडच्या बाजूनं, सनईचा सूर आला. अनसाच्या दारातली सनई. थोडी वाजली आणि मध्येच थांबली.

सनई मध्येच का थांबते, हे सखाहरीला समजत होतं. कुणाची तरी वाट पाहायची असते तेव्हा थांबते. त्याला अनसा दिसली, दारात उभी, घाटाकडे डोळे लावून. तिच्यामागे गौरीहरापाशी बसलेली तुळसा दिसली, आणि तिचे रिकामे हात दिसले. मग तो धाय मोकलून रडला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं की आपल्या मागेही माणसं असतात, आपण पुढे गेल्यावरही ती तिथंच उभी असतात.

डोळे पुसले आणि तो उठला. धावत पुन्हा उतारावर जावं असं पायांना वाटत होतं. पण त्यानं पायांचं ऐकलं नाही. गाठोडं कोपऱ्यात ठेवलं, पालथी घागर सुलटी केली आणि झऱ्याच्या वाटेला लागला.

वाट खरोखरच वाईट होती. पहिल्याच खेपेला तो घसरला, गुडघा फुटला, घागर कशीबशी वाचली. झऱ्यावर पोचल्यावर तो आधी स्वतः पाणी पिणार होता. ओंजळ भरलीही, पण सकाळी आपण पाय कुठल्या पाण्यानं धुतले ते आठवलं आणि त्याला लाज वाटली. त्यानं ओंजळीनं गुडघ्यावरची माती धुतली, घागर भरली आणि वर आला. गाळ काढून रांजण विसळला. मग खेपेवर खेप. रांजण पोटाचा मोठा होता, भरता भरेना. प्रत्येक खेपेला सूर्य थोडा खाली गेला असेल, हे त्याला कळत होतं. प्रत्येक खेपेला मन म्हणायचं, पुरे झालं, मागं कुणी नाही, कुणासाठी एवढं? तो नुसता भरत राहिला.

रांजण काठोकाठ झाला तेव्हा त्यानं वाळक्या फांद्या गोळा केल्या, मोळी बांधली, चकमक झाडून चूल पेटवली. उरलेल्या पाण्यानं भिंतीवरचा फराटा घासून धुतला. भिंतीला तेवढ्याच जागी ओल राहिली. तिच्याकडे पाहताना त्याला काहीतरी आठवल्यासारखं झालं, पण काय ते लक्षात येईना.

मग तो उंबऱ्यात उभा राहिला आणि आलेल्या वाटेकडे तोंड करून ओरडला, "भरलंय रेऽऽ, या!"

कुणी आलं नाही. तो पुन्हा ओरडला. पुन्हा पुन्हा ओरडला, घसा बसेपर्यंत. शेवटची हाक घोगरी उमटली. ती कानावर पडली आणि सखाहरी जागच्या जागी गार झाला. हा आवाज त्यानं आज ऐकला होता. पहाटे, दोन फाट्यांवर, कड्याच्या तोंडाशी उभा असताना.

खालून, धुक्यातून, बांगड्यांची किणकिण वर येऊ लागली. कुणीतरी गुणगुणत होतं. ती त्याच्या आईची ओवी होती.

थांबून पाहण्याचा धीर सखाहरीला झाला नाही. पाहण्याची गरजही नव्हती. पहाटे ज्यानं आपल्याला कड्यावरून वाचवलं, ज्याचं पाणी आपण प्यायलो, ज्याच्या ओल्या पावलात आपलं पाऊल बरोबर बसलं, तो कोण होता हे आता त्याला उमगलं होतं. त्यानं गाठोडं उचललं. रांजणापासून उतारापर्यंत त्याच्या ओल्या पावलांचे ठसे उमटत गेले. एवढं पाणी भरून आपण स्वतः घोटभरही प्यायलो नाही, हे त्याला बरंच पुढे गेल्यावर आठवलं.

या वेळी धुकं बाजूला झालं. वाट सरळ अनसाच्या गावात उतरली.

मांडवात कुजबुज चालली होती. सूर्य टेकला होता. भटजी म्हणत होते, दुसऱ्या कुणाला तरी मामा म्हणून उभं करा. अनसा म्हणत होती, "माझा भाऊ येईल." तेवढ्यात गुरांच्या मागून, धुळीतून, लंगडत लंगडत सखाहरी आला. तुळसापुढे बसला आणि तिच्या रिकाम्या हातात हिरवा चुडा भरला. एवढ्या घाईतही एकही बांगडी वाढली नाही, म्हणजे फुटली नाही. मग तिला हाताला धरून बोहल्यावर आणलं. सनई पुन्हा सुरू झाली.

जेवणं उरकल्यावर पाहुणे त्याच्याभोवती जमले. "सखाहरी, आज वाटेत काय गंमत झाली ते सांग." त्याच्याजवळ जन्मभरातला सगळ्यात अजब प्रवास होता, आणि तो सांगायला तोंड उघडेना. घसाही बसला होता.

अनसानं बाजूला नेऊन विचारलं, "दादा, एवढा उशीर कशानं रे?"

"मागच्यासाठी पानी भरत व्हतो," तो म्हणाला.

अनसानं त्याच्या फुटलेल्या गुडघ्याकडे पाहिलं, त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग आत गेली आणि तांब्याभर पाणी आणून त्याच्या हातात दिलं. भाऊ आला होता, तिला तेवढं पुरे होतं.

परतीच्या वाटेवर विसाव्यात त्याला रांजण अर्धा दिसला. त्यानं तो भरला, हाक दिली आणि मगच खाली उतरला. पायथ्याशी ठकूबाई शेरडं राखत बसली होती.

"मागं कोन व्हतं, त्ये कळलं का?" तिनं विचारलं.

"कळलं," सखाहरी म्हणाला. "पर भरताना ठावं नव्हतं, मावशे. आन आता दुसरं कुनीबी आसलं तरी भरीन."

म्हातारीनं मान हलवली आणि बसायला जागा करून दिली. सखाहरीनं सवयीनं तंबाखू मळली. चुन्याचं बोट शेजारच्या शेरडांच्या वाड्याच्या भिंतीकडे गेलं, मध्येच थांबलं, आणि त्यानं ते स्वतःच्या धोतराला पुसलं.

तात्पर्य: वाटेवर पाणी भरून ठेवताना मागून येणारा कोण, हे विचारू नये. तहान कुणाचीही असली तरी खरी असते. आणि कधी कधी तो तहानलेला आपणच असतो.